संसर्गाचा अंदाजे काळ

आमच्या केंद्रातल्या फॉर्ममध्ये अकरावा रकाना आहे : संसर्गाचा संभाव्य स्रोत. समोर लग्न झालेली बाई बसलेली असेल तर तिथं काय लिहायचं याचा विचार मी कधी केला नाही. 'पती' लिहायचं आणि बाराव्या रकान्याकडं वळायचं. पंचवीस वर्षं मी विट्यात हे समुपदेशकाचं काम करते आहे. पेन होतं तेव्हा पेनानं लिहिलं, मग कॉम्प्युटर आला, मग टॅब आला. आता तर टॅबच 'पती' हा शब्द स्वतःहून भरून ठेवतो आणि मी फक्त बोट टेकवते.

रकाना भरून झाला की मी त्या बाईला सांगायची, "हे बघ ताई, यात तुझा काडीचा दोष नाही. माझंही असंच झालं. माझ्या नवऱ्यानं तर शेवटी कबूलही केलं." हे ऐकलं की बायका रडायच्या थांबत. कुठंतरी कुणीतरी कबूल केलेलं आहे, एवढ्यानंही माणसाला धीर येतो. नव्या मुलींना मी हे वाक्य कधी शिकवलं नाही, पण त्यांनी ते उचललंच. ज्यांची अजून लग्नं व्हायची होती त्यासुद्धा म्हणू लागल्या, "आमच्या बाबरताईंच्या मिस्टरांनी तर कबूल केलं होतं." असा दिनकर मेल्यावर तालुकाभर प्रसिद्ध झाला.

दिनकर म्हणजे माझा नवरा. त्याचं नाव घ्यायला मी तो गेल्यावर शिकले, कागदांवर लिहावं लागायचं म्हणून. तो गलाईचा कारागीर होता. आमच्या विटा-आटपाडी भागातली निम्मी पुरुषमंडळी परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, दिनकर कोइमतुरला होता. वर्षातून दोनदा घरी यायचा. २००६ साली तो टीबीनं आडवा पडला, तपासणीत एचआयव्ही निघाला, मग माझी तपासणी झाली आणि माझाही निघाला. परमुलखात एकटा राहणारा पुरुष, तो आधी आजारी पडला, बायको धडधाकट. यात कोडं कसलं होतं? २००७ च्या जानेवारीत तो गेला. आमची रेवा तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. तिच्यात काही निघालं नाही, तेवढं एक नशीब.

आता २०३६ साल आहे. मी पंचावन्न वर्षांची आहे आणि या रोगाला हल्ली कुणी फारसं भीत नाही. वर्षातून दोन इंजेक्शनं घेतली की लागण होत नाही. ज्यांना झालेली आहे त्यांनाही रोजच्या गोळ्या राहिल्या नाहीत, इंजेक्शनंच आहेत. पण विषाणू गप्प बसला तरी शरीर स्वस्थ बसत नाही. आत बारीक धग चालूच राहते, आणि तीस-तीस वर्षं ती चालली की तिचा हिशेब हृदय, हाडं आणि मूत्रपिंडं देतात. माझ्या हृदयात एक स्टेंट आहे. मशीन म्हणतं की माझी हाडं सत्तरीच्या बाईची आहेत. म्हणून तो मुळासकट काढून टाकायचा उपचार पुण्याच्या एका संस्थेत सुरू झाला तेव्हा पहिल्या शंभरात माझं नाव लागलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, केंद्रात पेढे वाटले. मला काही वाटलं नाही. काही न वाटण्याची मला सवय आहे, आमच्या कामात ती लागतेच.

पुण्यात डॉक्टर नसीम मुल्ला म्हणून पस्तिशीची मुलगी होती. मूळची तासगावची, त्यामुळं बोलायला मोकळी. तिनं मला पहिल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं. मी थांबवलं नाही, कारण ती छान सांगत होती.

विषाणू पेशीत शिरला की स्वतःची एक प्रत पेशीच्या जनुकांत चिकटवून ठेवतो. त्यातल्या बहुतेक पेशी मरून जातात, पण काही झोपी जातात आणि वर्षानुवर्षं झोपून राहतात. औषध जाग्या विषाणूला आवरतं, झोपलेल्याला त्याचा हात लागत नाही. म्हणून औषध बंद केलं की काही आठवड्यांत पुन्हा पहिल्यापासून सुरू. नवा उपचार म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरलेली कात्री. ती रक्तातून काखेतल्या-जांघेतल्या गाठींपर्यंत पोचते, चिकटवलेली प्रत शोधते आणि दोन्हीकडून कापून बाहेर टाकते. फक्त तिला नमुना द्यावा लागतो. प्रत्येकाच्या अंगातल्या प्रती थोड्या वेगळ्या असतात, तेव्हा आधी त्या पेशी काढून एकेक प्रत अक्षर न् अक्षर वाचावी लागते.

"आणि वाचताना एक जादा गोष्ट कळते," नसीम म्हणाली. "हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. चुकांचा वेग साधारण ठरलेला असतो. जी प्रत अठ्ठ्याण्णव साली झोपली, ती अठ्ठ्याण्णव सालापर्यंतच्याच चुका घेऊन झोपते, पुढं तिच्यात बदल नाही. अशा दोनशे-तीनशे प्रती मिळाल्या की त्यांची वंशावळ मांडायची आणि मागं मागं जायचं. मूळ पुरुष तुमच्या अंगात कधी शिरला ते काही महिन्यांच्या फरकानं सांगता येतं."

त्यासाठी संमतिपत्रात एक ओळ होती. 'संसर्गाचा अंदाजे काळ मला कळवावा / कळवू नये.' माझ्या आधी आमच्या भागातले चारजण उपचाराला गेले होते. त्या चौघांनाही मी 'कळवू नये' वर खूण करायला सांगितलं होतं. उगाच जुनी भांडणं उकरून काय मिळणार? स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र मी 'कळवावा' वर खूण केली. तीस वर्षं मी जे तोंडानं सांगत आले ते एकदा कागदावर पाहिजे होतं. लग्न मे २००२ मध्ये झालं. कागदावर २००२ किंवा २००३ आलं की झालं.

तीन आठवड्यांनी नसीमनं बोलावलं.

"उज्ज्वलाताई, कात्री तयार आहे. पुढच्या गुरुवारी डोस देऊ."

"आणि तारीख?"

"ती कळवायला तुम्ही सांगितलंय."

"हो. मुद्दाम सांगितलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्यासमोर बसलेल्या बायकांकडं असंच बघते, वाईट बातमी द्यायच्या आधी. मग तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. डिसेंबर १९९५ ते ऑगस्ट १९९६.

"हे दुसऱ्या कुणाचं आहे," मी म्हटलं.

"मलाही वाटलं. तीनदा करून पाहिलं. तुमचंच आहे."

"माझं लग्न दोन हजार दोन सालचं आहे."

"हो," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का?"

आमच्या फॉर्ममधला हा नववा प्रश्न आहे. मी तो काही हजार लोकांना विचारला असेल. २००६ साली चाचणी केंद्रातल्या बाईंनी मलाही विचारला होता आणि मी 'नाही' म्हणाले होते, कारण शेजारी माझे सासरे उभे होते.

रक्त चढवलं होतं. फेब्रुवारी १९९६. मी पंधरा वर्षांची होते, कडब्यानं भरलेल्या ट्रॉलीवरून पडले आणि पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटली. एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन करून ती काढली. थोरल्या भावानं धावाधाव करून कुठूनतरी दोन बाटल्या रक्त आणलं. तेव्हा रक्त विकणारे सापडायचे. तपासलं असेल, नसेल, कुणी विचारलं नाही. दहावीची परीक्षा बुडाली म्हणून मी रडले, तेवढंच मला आठवत होतं. लग्न ठरवताना वडिलांनी सगळ्या घराला ताकीद दिली की ऑपरेशनचं नाव काढायचं नाही, चिरफाड झालेली पोरगी कोण करून घेईल. दिनकरनं पोटावरचा वण बघितला तेव्हा मी सांगितलं, लहानपणी विळ्यावर पडले होते. त्यानं फुंकर घातल्यासारखं केलं आणि विषय संपला.

नसीम सांगत होती की काहींच्या अंगात हा दहा-बारा वर्षं मुकाट राहतो आणि काहींना तीन-चार वर्षांत संपवतो, त्यात टीबी असला तर विचारायला नको, त्यामुळं आधी कोण आजारी पडलं यावरून आधी कुणाला झालं हे ठरत नाही.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "प्रशिक्षणात हा तास मीच घेते."

"तुमच्या मिस्टरांचा नमुना नाही, त्यामुळं तुमच्याकडूनच त्यांना गेला असं कागद म्हणत नाही. फक्त लग्नाच्या वेळी तुमच्या अंगात होता, आणि औषध चालू नव्हतं, एवढंच म्हणता येतं. ताई, यात तुमचा..."

"नसीम, ते नको सांगूस."

मी खाली कँटीनमध्ये जाऊन पोहे खाल्ले, मग अजून एक प्लेट घेतली. मला भूक लागली होती. एवढं कळल्यावर आपल्याला भूक कशी लागते, याचं मला थोडं आश्चर्य वाटलं.

दिनकरच्या कबुलीचं नीट सांगायला हवं. २००६ चा नोव्हेंबर होता. मिरजेच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं होतं आणि माझा भाऊ मला न्यायला आला होता. बोचकं बांधून तयार होतं. मी रोज सकाळी दिनकरच्या खाटेपाशी उभी राहायची आणि विचारायची, तिकडं कुणाकडं जात होता. तो म्हणायचा, "मी कुठं गेलो न्हाई गं." पाच दिवस हेच. सहाव्या दिवशी मी रेवाला कडेवर घेतलं, दारात उभी राहिले आणि म्हटलं, "खरं सांगा. खरं सांगितलंत तर राहते आणि शेवटपर्यंत करते. खोटं बोललात तर आत्ता निघाले." त्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं. तसाच म्हणाला, "गेलो हुतो. एकदा. कोइमतुरात."

मी बोचकं सोडलं. शब्दाला जागले, दोन महिने त्याचं सगळं केलं, गू-मूत काढलं. करताना त्याच्याशी बोलले मात्र नाही. गुन्हेगाराशी काय बोलायचं?

मी रेवाकडं उतरले होते. रेवा एकतीस वर्षांची आहे, पुण्यात जुन्या बॅटऱ्यांतून धातू काढणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. अठराव्या वर्षी तिनं राजपत्रात जाहिरात देऊन बापाचं नाव काढून टाकलं आणि मधे माझं लावलं, रेवा उज्ज्वला बाबर. बापाला ती 'तो' म्हणते, तेही नाइलाज झाला तर. मला तेव्हा अभिमान वाटला होता, केंद्रात सगळ्यांना सांगितलं होतं.

ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मी कागद तिच्या हातात दिला. तिला एकदा वाचून समजलं.

"आई, यात तुझा काडीचा दोष नाहीये," ती म्हणाली. "पंधरा वर्षांची होतीस तू."

माझंच वाक्य मला परत मिळालं. आता कळलं की त्यानं काही होत नाही. बायका बहुधा माझ्यावर उपकार म्हणून रडायच्या थांबत असतील.

"मग तो का म्हणाला, गेलो होतो म्हणून?"

"मी म्हणायला लावलं."

"म्हणजे?"

मी सांगितलं, दारातलं, बोचक्याचं, सगळं. याआधी मी तिला फक्त शेवटचं वाक्य सांगितलं होतं. तिनं हातातला टॉवेल घडी न करता बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आबांना सांगू नकोस."

आबा म्हणजे तिचे आजोबा, माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. ज्ञानदेव बाबर, वय शहाऐंशी. त्या काळात आमच्यासारखीला पोरासकट हाकलून देत. मामांनी दिनकरच्या बाराव्यानंतर मला विट्यात दोन खोल्या घेऊन दिल्या, शेतातला वाटा रेवाच्या नावावर केला, माझं शिक्षण पुरं करायला लावलं. मात्र एकोणतीस वर्षांत मुलाचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. घरात सगळ्या गेलेल्यांचे फोटो आहेत, दिनकरचा नाही. पितृपक्षात सगळ्यांच्या नावानं घास काढतात, त्याच्या नावानं नाही. मला ते योग्यच वाटायचं. बापालासुद्धा लाज वाटते आहे, असं मी समजायची.

"त्यांना काय वाटेल सांग ना," रेवा म्हणाली. "आपला मुलगा हिच्यामुळं गेला, असंच ना? या वयात ते तुला तोडतील. आणि तुला दुसरं आहे कोण तिकडं?"

"म्हणून सांगायचं नाही?"

"कुणाला कळणार आहे? गुरुवारनंतर तुझ्या अंगातसुद्धा राहणार नाही ते."

ते खरं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी स्वतःला ओळखते. एकदा अंग स्वच्छ झालं की मी कागदाची घडी करून ठेवून देईन, सोमवारी केंद्रात जाईन आणि कुणालातरी सांगेन, माझ्या नवऱ्यानं कबूल केलं होतं. मामा आज ना उद्या जातील, मुलाची लाज बाळगूनच जातील. त्यांचा मुलगा त्यांना परत द्यायचा तर माझ्याकडं चार दिवस होते, आणि दिला तर त्यांच्या लेखी मी उरणार नव्हते.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी गावी गेले.

मामा गोठ्याशेजारच्या छपरात चिंच फोडत बसले होते. मार्चमध्ये आमच्याकडं घरोघरी हेच चालतं, टरफलं काढायची, चिंचोके वेगळे करायचे. धाकट्या दिराची माणसं शेतात गेली होती. मी पुढ्यात बसले आणि एक मूठ चिंच ओढून घेतली.

"आलीस व्हय," मामा म्हणाले. "औषिद कवा हाय?"

"गुरुवारी."

"मुळासकट जातंय म्हंत्यात."

"जातंय. मामा, एक सांगायला आलेय."

मी सांगितलं. आधी तारीख सांगितली, कारण तीच सांगायला अवघड होती. म्हटलं, लग्नाच्या सहा वर्षं आधीपासून माझ्या अंगात होतं. ह्यांना माझ्याकडून गेलं असणार. हे कुठं गेले नव्हते. मामांची बोटं टरफलं काढतच राहिली. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी परत सांगू लागले.

"ऐकलं," ते म्हणाले. "मला ठावं हाय त्ये."

"काय ठावं आहे?"

"तुझ्याकडनंच आलं हुतं म्हून."

मला वाटलं त्यांचं वय बोलतंय. "मामा, मला स्वतःला परवा कळलं."

"त्यानं सांगितलं हुतं मला. तू दारात हुभी ऱ्हायलीस न्हवं, त्याच्या आदल्या दिशी. मी त्याला न्हाऊ घालत हुतो. म्हनला, आप्पा, मी शपथेवर सांगतो, मी कुठं गेलो न्हाई. पोरगं खोटं बोलाय लागलं की बापाला कळतंय. त्यो खोटं बोलत न्हवता."

"मग त्यांनी दुसऱ्या दिवशी..."

"मीच म्हनलो. गेलास का न्हाईस त्ये जाऊ दे. हो म्हन. न्हाईतर ती पोर घिऊन जाईल, आन तुझं कोन करंल? तुझी आय आंधळी. माझ्यानं काय हुतंय." त्यांनी चिंचोके सुपात टाकले. "मग त्यो म्हनला, हो."

मी नोव्हेंबर २००६ मधली ती सकाळ पुन्हा आठवून बघितली. मामा तेव्हा अंगणात होते. त्यांनी ऐकलं होतं, आणि ते काहीही न बोलता बैल सोडायला निघून गेले होते.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं की माझ्याकडून आलं," मी म्हटलं. "कसं आलं असेल, काय वाटलं तुम्हाला?"

त्यांनी सुपातले चिंचोके एका बाजूला केले.

"मामा."

"आता काय सांगायचं त्ये," ते म्हणाले. "तरनी पोरगी. म्हायेरी काय झालं आसंल, काय न्हाई. कुनाचं पाय घसरत न्हाईत."

मला समजायला वेळ लागला. एवढी वर्षं मी त्यांच्यापुढं डोक्यावर पदर घेऊन बसत होते, सणाला पाया पडत होते, आणि ते मला तसली बाई समजून आशीर्वाद देत होते. दोन खोल्या, शेत, शिक्षण, सगळं तसली बाई समजूनच दिलं.

"मला रक्त चढवलं होतं," मी म्हटलं. "पंधरा वर्षांची असताना. ट्रॉलीवरून पडले, पोट फाडून ऑपरेशन केलं. दोन बाटल्या रक्त दिलं, त्यातून आलं."

आता त्यांचे हात थांबले.

"रगात?"

"हो."

"लगीन जमवताना बोलला न्हाईसा कुनी."

"वडिलांनी बोलू दिलं नाही. ऑपरेशन झालेली पोरगी कुणी केली नसती."

"आमी बी केली नसती," मामा म्हणाले. ते खरं बोलणारे गृहस्थ आहेत. मग पुटपुटल्यासारखं म्हणाले, "रगात. मी एकुनतीस वर्सं..." आणि पुढचं त्यांनी सोडून दिलं. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. हाताची चिंच डोळ्यात गेली असेल तर तेही झालं असेल.

"म्हणून फोटो लावला नाहीत त्यांचा?"

"तू येनार, फोटोफुडं हात जोडनार. मला बगवलं नसतं."

"आणि तरी मला घर दिलंत."

"त्यानंच सांगितलं. तू भाताची पेज करायला चुलीपाशी गेलतीस. म्हनला, तिनं कुठनं का आनलं आसंना आप्पा, पोरीला आय पायजे. तिला घालवू नगा."

इतका वेळ मी आपली शांत होते. पुण्यात, पोहे खाताना, एसटीत, मला कुठंच काही वाटलं नव्हतं. आता मला राग आला, एवढा की हातातली चिंच मी दूर फेकली. दिनकरला पक्कं ठाऊक होतं की तो गेला नव्हता. म्हणजे त्याच्याजवळ एकच उत्तर उरत होतं, आणि ते घेऊन तो दोन महिने माझ्या हातची पेज पीत पडून होता. मी त्याला गुन्हेगार समजून पाणी पाजत होते आणि तो मला गुन्हेगार समजून ते पीत होता.

"मला विचारायचं होतं एकदा," मी म्हटलं. "त्यांनी नाही, तुम्ही नाही. एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं मी, रक्त चढवलं होतं म्हणून."

"सांगितलं आसतंस?" मामांनी विचारलं. "डाक्तरनीच्या म्होरं मी शेजारीच हुतो की. तिनं इचारलं हुतं."

मी उठून फेकलेली चिंच उचलून आणली.

"आन तू तरी त्याला इचारत हुतीस व्हय," मामा हळूच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. "हो म्हनवून घेत हुतीस. मी बी त्येच केलं. दोगांनी मिळून केलं."

त्यांनी पुन्हा चिंच घेतली. थोड्या वेळानं मीही घेतली. त्यांनी मला तोडलं नाही, जवळही घेतलं नाही. निघताना मी वाकून पाया पडले तेव्हा त्यांचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ माझ्या डोक्यावर राहिला. "गुरवारी जाऊन ये," ते म्हणाले. "आन हितनं फुडं येताना दिनकरच्या पोरीला बी आन. लई दिस झालं बगून."

एसटीला अवकाश होता. मी फाट्यावर उभी होते तेव्हा रेवाचा फोन आला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

मी तिला सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. न्हाणीतलं सांगितलं, त्यांना इतकी वर्षं माझ्याबद्दल काय वाटत होतं ते सांगितलं, आणि शेवटी पेजेच्या वेळी दिनकर जे बोलला होता तेही, त्याच्याच शब्दांत.

मग ती म्हणाली, "आई, बाबांचा आवाज कसा होता?"

तिनं त्याला बाबा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काही सापडेना. त्याचा खोकला आठवला. बाहेर पायताण काढायचा, त्याचा आवाज आठवला. कोइमतुराहून बूथवरनं फोन करायचा, तेव्हाचं बोलणं आठवत होतं, पाऊसपाण्याची चौकशी, पोरीचं दात आलं का, पण ते सगळं वाचल्यासारखं आठवत होतं. आवाजासकट आठवत होतं ते त्याचं एकच वाक्य, भिंतीकडं तोंड करून बोललेलं.

"आई?" रेवा म्हणाली.

"सांगते," मी म्हटलं. "जरा थांब, सांगते."